कुंकवाखालचा आकडा

कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघायची माझी सवय जुनी. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून रिक्षा मागं वळवलेली आहे. घरचे हसतात, हसू देत. भित्रेपणा म्हणा, काही म्हणा, पण बरीच वर्षं माझं पोट याच स्वभावावर चाललं.

कोल्हापूरच्या कडेला एका खाजगी डेअरीत मी सर्व्हर सांभाळायला होते. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. सकाळ-संध्याकाळ शिरोळकडून, शाहूवाडीकडून दुधाचे टँकर यायचे, काट्यावर चढायचे, वजन आणि फॅटचा आकडा तारेतून माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर यायचा. सर्व्हर जागा असेल तर पावती निघायची, पावती निघाली की टँकर रिकामा व्हायचा. सर्व्हर बसला तर टँकर अंगणात उभे. हातानं पावत्या लिहिता येत नव्हत्या असं नाही, पण हातच्या आकड्यावर गावाकडची माणसं विश्वास ठेवत नसत आणि फाटकातच भांडणं लागत. तोवर दूध उन्हात. उन्हातल्या दुधाचं काय होतं ते सांगायला नको.

काट्यावर एक मामा होते. वयानं माझ्या वडलांपेक्षा थोडे लहान, आवाजानं तिप्पट मोठे. ते कुणाशी हळू बोललेले मी ऐकले नव्हते. फोनवर बोलताना तर त्यांना फोनची गरज नाही असं वाटे. माझ्या खोलीचं दार उघडून ते ओरडत, "म्याडम, हाय का जित्तं?" मशीन जिवंत आहे का, असं त्यांना विचारायचं असे. मी आहे म्हटलं की दार आपटून जात. दर वेळी मी धसकायचे, कारण कधीतरी मला नाही म्हणावं लागणार हे मला ठाऊक होतं.

आणि एकदा म्हणावं लागलं होतं. जुन्या मशीनवर एका सकाळी रूट भरलं. रूट म्हणजे मशीनचा पाया. चालू होताना मशीन पहिलं पाऊल जिथं टाकतं आणि त्याची सगळी हत्यारं जिथं ठेवलेली असतात, तो डिस्कवरचा भाग. बारीकसारीक नोंदी साठत साठत तो भाग काठोकाठ भरला आणि काटा चालू असताना मशीनचा श्वास अडकला. मी एकेक फाईल उडवून जागा करत होते, बाहेर टँकरचे हॉर्न वाजत होते, आणि डेअरीचे मॅनेजर साहेब माझ्या खुर्चीमागं काही न बोलता उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी दूध वाचलं, पण त्यानंतर कित्येक महिने हॉर्न ऐकला की मी आधी डिस्कवरची जागा बघत असे.

म्हणून गणपती झाल्यावर नवं मशीन आलं तेव्हा ते बसवायला पुण्याहून आलेला इंजिनियर म्हणाला ते मला पटायला हवं होतं. "मॅडम, सगळं लॉजिकल व्हॉल्यूमवर घेऊ. रूटसुद्धा. परत जागा कमी पडली तर बसल्या जागी वाढवता येईल. तुमचा जुना त्रास संपला."

मशीनला पुढच्या बाजूनं चार खण होते, त्यात चार डिस्क सरकवायच्या. मामा दारात उभे राहून बघत होते. हा काय प्रकार, असं त्यांनी विचारल्यावर मी डेअरीच्या भाषेत सांगितलं. साधं पार्टिशन म्हणजे दुधाचा कॅन. भरला की भरला. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे आपला बल्क कूलर. सगळे कॅन एका टाकीत ओतायचे आणि लागेल तसं मोजून घ्यायचं. कमी पडलं तर अजून एक कॅन ओतायचा.

"मग टाकीच बरी की," मामा म्हणाले. "इचारायचं काय त्यात?"

"पण मामा, टाकीचं झाकण उघडायचं हत्यार टाकीतच आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. इंजिनियर मात्र हसला नाही. त्याच्यासाठी एक लहानशी पेटी बाहेर ठेवलेली असते मॅडम, ती आधी चालू होते आणि झाकण उघडून देते, आता सगळीकडे असंच करतात, असं तो म्हणाला. ते मलाही माहीत होतं. ती पेटी नीट बनली नसली किंवा टाकीतला एक कॅन सापडेनासा झाला, तर मशीन उंबऱ्यातच बसतं हेही माहीत होतं. मग त्याला उठवायला मीच लागणार. बाहेरून सीडी लावायची, एकेक आज्ञा टाइप करायची, टाकी हातानं उघडायची. हे मामांना फोनवरून सांगून होण्यासारखं नव्हतं. डेअरीत ते करू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि नेमकी नवमीला मी तिथं नसणार होते.

माझे वडील गवंडी. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आसपास त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली. डोळ्यांत काचबिंदू शिरला तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थापी विटेवर न पडता बोटावर पडायला लागली तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवू. आहे ते म्हणजे समोरचा एक बोगदा, त्याच्या टोकाला थोडा उजेड. आई नव्हती. मी एकटीच. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, त्या वर्षी मागितलं. "दीक्षाभूमी बघायची हाय. डोळं हायत तवर."

आम्ही बौद्ध. दसऱ्याला नागपूरला जायचं हे त्यांच्या मनात मी जन्मायच्या आधीपासून होतं. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं, कधी काम, कधी माझं शिक्षण, कधी आईचं आजारपण. आता आडवं यायला एकच गोष्ट उरली होती आणि ती माझ्या खोलीत नवी कोरी बसलेली होती.

अडचण खंडेनवमीची. आमच्या डेअरीत एरवी वर्षभर काही थांबत नसे. वीज गेली तर जनरेटर, जनरेटर येईपर्यंत बॅटरी. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळचं दूध उरकलं की सगळी यंत्रं बंद करून, पुसून, हारकुंकू करून खंडेपूजा व्हायची. मालकांचा तसा दंडकच होता. त्या तासाभरात सर्व्हरही बंद झाला पाहिजे. आणि संध्याकाळचे टँकर यायच्या आत उठलाही पाहिजे. ज्या मशीनला वर्षात एकदाच झोपवायचं, ते मशीन त्या दिवशी उठेलच याची मला कधी खात्री वाटली नाही.

नागपूरची गाडी अष्टमीला दुपारी निघणार. म्हणजे नवमीच्या दुपारी मी गाडीत.

मी बरेच दिवस हा विचार करत होते. जेवताना, बसमध्ये, केस विंचरताना. रूट टाकीत घालावं तर भरायची भीती नाही, पण नाही उठलं तर माझ्याशिवाय कुणाला उठवता येणार नाही. रूट कॅनमध्ये ठेवावं तर पुन्हा कधीतरी भरेल, पण निदान उठेल तरी साधेपणानं, आणि अडलंच तर फोनवरून सांगता येईल. वर्षाची भीती एका पारड्यात आणि एका दुपारची भीती दुसऱ्यात. मी दुपारची भीती टाळली, वर्षाची पत्करली. दुधाचा सगळा हिशेब तीन मोठ्या डिस्कवर लॉजिकल व्हॉल्यूममध्ये, आणि रूट एकट्या लहान डिस्कवर, पहिल्या खणात, साध्या पार्टिशनवर. मशीनला मी हातानं लिहून दिलं, पहिल्या खणात बघ, तिथं तुझा पाया आहे. इंजिनियर खांदे उडवून पुण्याला गेला.

मग मामांना शिकवलं. बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, चालू होताना पडद्यावर काय काय येतं, शेवटी कुठला शब्द आला की झालं समजायचं. ते मान हलवत ऐकत होते. हात मात्र मागं बांधून ठेवले होते. मशीनला भितात हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"या मशीनच्या पेटीत काय नाही मामा," मी त्यांना धीर द्यायला म्हणाले. "खरं काम या चार खणांतल्या चार वड्या करतात. बाकी नुसता पत्रा."

हे वाक्य मी बोलायला नको होतं, पण ते पुढं कळलं.

रजा मागायला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, कशासाठी. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून पटकन काही कळत नसे. डेअरीत मला कुणी कधी काही बोललं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. पण शहरात आल्या आल्या एका ठिकाणी खोली ठरली होती, विसारही दिला होता, आणि घरमालकीणबाईंनी चहा देता देता विचारलं होतं, गावात तुमचं घर कुठल्या बाजूला. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे अचानक पाहुणे राहायला येणार असल्याचा निरोप आला. त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय काही सांगत नाही, आणि विचारलं तरी आधी माणसाचा चेहरा बघते. साहेबांचा चेहरा तर दगडाचा. "वडलांचे डोळे," मी म्हणाले. "नागपूरला एक चांगले डॉक्टर आहेत."

"नवमीलाच?"

"तीच तारीख मिळाली."

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. म्हणाले, "जा. पण मशीन उठलं नाही आणि फोनवर जमलं नाही, तर असाल तिथं उतरायचं आणि परतीची गाडी धरायची. नवमीची संध्याकाळ आणि दसऱ्याची सकाळ कशीही काढू. दसऱ्याचं संध्याकाळचं दूध मला हातच्या पावत्यांवर नको."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

अष्टमीला दुपारी गाडीत बसलो. वडलांनी पांढरा सदरा, पांढरा पायजमा इस्त्री करून घेतला होता. मिरजेला आमच्या डब्यात आणखी पांढरे कपडे चढले, पुण्याला त्याहून जास्त. वडलांना चेहरे दिसत नव्हते, पण पांढरं दिसत होतं. "लई माणसं हायत की गं आपली," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी मोबाईल हातात धरून बसले होते. सिग्नलच्या दांड्या मोजण्यापलीकडं माझं कशात लक्ष नव्हतं.

नवमीला सकाळी भुसावळ गेलं. दूध उरकलं असेल. पूजा चालू असेल. आता मशीन बंद केलं असेल. आता चालू करत असतील. गाडीतले लोक भाकऱ्या सोडत होते, मला पाणी गिळवत नव्हतं. फोन वाजला तेव्हा तो खाली पडता पडता राहिला.

"म्याडम," मामा. डब्याच्या आवाजावर त्यांचा आवाज सहज मात करत होता. "उठंना झालंया."

"काय दिसतंय पडद्यावर?"

"पांढरी अक्षरं आल्यात भसाभसा आणि थटल्यात. खाली कायतर प्यानिक म्हणतंय."

हे मला माहीत होतं. मशीनला पाया सापडत नाही तेव्हा ते हेच म्हणतं. पण पाया कुठं गेला? मी तो टाकीत घातला नव्हता, पेटीवर विसंबले नव्हते, झाकणाची भानगडच ठेवली नव्हती. साधी डिस्क, साधं पार्टिशन, पहिला खण. डिस्क जळाली असेल तरच असं होईल. नवी डिस्क.

"मामा, दिवे लागलेत का खणांवर?"

"चारी हिरवं हायत."

"पाणी मारलं का कुणी? पुसताना?"

"न्हाय. म्या दारात हुबा हुतो."

"परत बंद करून चालू करा."

फोन कटला. पुन्हा लागला तेव्हा तेच. तीच पांढरी अक्षरं. वडील माझ्याकडं तोंड करून बसले होते. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ऐकू येत होता. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी काही नाही म्हणाले. मनात मात्र मी अकोल्याला उतरले होते. वडलांना हाताला धरून फलाटावर उभी होते, परतीच्या गाडीची वाट बघत, आणि समोरून पांढऱ्या कपड्यांनी भरलेला डबा नागपूरकडं निघून जात होता. त्यांना एकट्याला पुढं पाठवणं शक्य नव्हतं. पुढच्या दसऱ्याला नेऊ असं म्हणायचीही सोय नव्हती. पुढच्या दसऱ्यापर्यंत बोगद्याच्या टोकाचा उजेड राहील असं कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा," मी म्हणाले, "मशीन बंद असताना काय काय केलं ते मला सगळं सांगा. कुणाला बोलणार नाही मी."

पलीकडं काहीच नाही. मला वाटलं सिग्नल गेला. मग खोकल्याचा आवाज आला.

"खण काढले होते का?"

"जरा काढलंतं," मामा म्हणाले. "पूजेला."

ते सांगत गेले ते असं. तांबड्या कापडावर सगळी हत्यारं मांडली होती. काट्याची वजनं, पाने-पकडी, फॅट काढायच्या नळ्या, डब्यांची झाकणं उघडायचा लोखंडी आकडा. माझ्या खोलीतलं मशीन उचलून आणण्यासारखं नव्हतं. आणि मीच सांगितलं होतं की खरं काम चार वड्या करतात, बाकी पत्रा. "तुमचं हत्यारच तेवडं पूजेबिगर ऱ्हायलं असतं. तुमी तर हितं न्हाय. म्हणून म्याच काढलं, कुंकू लावलं आणि परत सरकवलं. कुनी बघितलं न्हाय."

"कुठली कुठं होती, लक्षात आहे?"

"सगळी सारखीच दिसत्यात की, म्याडम."

मला हसू आलं नाही, रागही आला नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, डिस्क जिवंत होती. आणि लगेच उलटी भीती शिरली. मी मशीनला जागा सांगून ठेवली होती. पहिल्या खणात बघ. आता पहिल्या खणात दुसरंच कुणी बसलं होतं आणि मशीन माझं ऐकून तिथंच पाया शोधत होतं. इतर तीन डिस्क कुठंही बसल्या तरी काही बिघडलं नसतं, कारण टाकीतल्या प्रत्येक डिस्कवर तिची स्वतःची खूण असते आणि त्या खुणेवरून ती ओळखली जाते, जागेवरून नाही. रूटही तिथं असतं तर ते आपलं आपण सापडलं असतं. ज्याला भिऊन मी पळाले होते तेच आज उपयोगी पडलं असतं.

"मामा, मशीन बंद करा. चारी खण काढा. वडीच्या तोंडावर तिच्या मापाचा आकडा छापलेला आहे. तीन वड्यांवर त्र्याहत्तर, एकीवर छत्तीस. छत्तीसवाली पहिल्या खणात घालायची. बाकीच्या कशाही."

खडखड ऐकू आली.

"आकड्यावर कुंकू बसलंया."

"मग पु—" म्हणता म्हणता मी थांबले.

"आजच्या दिशी पुसायचं व्हय, म्याडम?" मामांनी विचारलं. आवाज अर्ध्यावर आला होता. इतका मोठा माणूस, काट्यावर ड्रायव्हरांना शिव्या घालणारा, तो भ्याला होता. पूजेच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसायला त्यांचा हात धजत नव्हता. आणि ज्या घरात कधी कुंकवाची पूजा झाली नाही अशा घरातली मी, मलाही पुसा म्हणवेना. का ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी ते माझ्या मशीनला लावलं होतं.

"पुसू नका," मी म्हणाले. "वडी आडवी करून बघा. कडेच्या कागदावरपण आकडा असेल."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. "तीन सहा," मामा म्हणाले. "घावली."

पहिल्या खणात गेली. मशीन चालू झालं. मामा पडद्यावरच्या ओळी येतील तशा वाचायचा प्रयत्न करत होते, वाचता येईना तेव्हा "पळतंया, पळतंया" एवढंच म्हणत होते. मी डोळे मिटून बसले होते. कोपऱ्यात कुणीतरी बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता अख्खा डबा म्हणू लागला. तेवढ्यात मामांनी ओरडून सांगितलं, "लॉगीन आलं."

मला रडू फुटलं. मी तोंडावर पदर धरला.

"म्याडम, कसला आवाज हाय त्यो? भजन चाललंया व्हय गाडीत?" आणि मग, मी काही बोलायच्या आत, "डॉक्टर बरा हाय न्हवं? डोळ्यांस्नी फरक पडंल का वडलांच्या?"

मामांचा आवाज वडलांपर्यंत पोचायला फोनची गरज नव्हती. त्यांनी माझ्या हाताच्या दिशेनं हात लांब केला, चाचपडत फोन घेतला आणि कानाला लावला.

"डॉक्टरकडं न्हाय, पावणं," ते म्हणाले. "दीक्षाभूमीला चाललोय."

फोन त्यांनी मला परत दिला तेव्हा तो कटला होता. गाडी कुठल्याशा उजाड माळातून चालली होती, एकही दांडी नव्हती. मामांनी ते ऐकलं की नाही, ऐकून काय म्हणाले, काही कळायला मार्ग नव्हता.

"डोळ्यांचं सांगून आनलंस व्हय मला?" वडील म्हणाले. रागानं नाही. "मी काय चोरून चाललोय?"

नागपूरपर्यंत ते पुन्हा काही बोलले नाहीत.

दीक्षाभूमीवरची गर्दी मी कधी पाहिली नव्हती तशी होती, आणि गर्दीत माझी भीती आणखी वाढते. वडलांचा हात मी असा धरला होता की त्यांचं मनगट लाल झालं. रांगेतून सरकत आम्ही घुमटापर्यंत गेलो. "दिसतंय का?" मी विचारत होते. "पांढरं दिसतंय," ते म्हणत होते. "मोठं पांढरं." भिंतीपाशी पोचल्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि दोन्ही तळवे दगडावर ठेवले. हळूहळू फिरवले, आडवे, मग उभे. मागचे लोक थांबले, कुणी ढकललं नाही. "सांधा लागंना हाताला," ते म्हणाले. "ब्येस बशिवलाय." गवंडी माणूस आयुष्यात एकदा दुसऱ्याच्या कामावर खूश झाला होता. मग त्यांनी तिथंच डोकं टेकलं.

परत कामावर गेले त्या सकाळी मी फाटकातून रेंगाळत आत शिरले. मामांनी सांगितलं असेल. सगळ्यांना कळलं असेल. उत्तरं मी गाडीतच तयार केली होती, प्रत्येक प्रश्नाला एक, आणि ती सगळी खोटी होती. काट्यावर टँकर चढत होता. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि काट्याच्या आकड्याकडं मान वळवली. साहेब ऑफिसच्या दारात उभे होते.

"आलात? काय म्हणाले डॉक्टर?"

म्हणजे मामा बोलले नव्हते. आकड्याकडं बघत ते उभे होते, पाठ माझ्याकडं, एरवी ज्या टँकरला मिनिटात हाकलायचे तो अजून काट्यावर. मी हवं ते सांगायला मोकळी होते. तयार उत्तर तोंडात होतं. आणि कानात वडलांचं, मी काय चोरून चाललोय.

"डॉक्टरकडे गेलो नव्हतो साहेब," मी म्हणाले. "दीक्षाभूमीला गेलो होतो. वडलांना बघायची होती."

साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दोन ड्रायव्हर वळून बघत होते. "बरं," ते म्हणाले. तेवढंच. त्या एका शब्दात काय होतं ते मी आजपर्यंत शोधते आहे. मग त्यांनी विचारलं, "आणि मशीन का उठत नव्हतं?"

आता मामांची मान खाली गेली.

"माझी मांडणी तशी होती," मी म्हणाले. "रूट मी जागेवर बांधून ठेवलं होतं. डिस्क खणात हलली की सापडत नाही. या आठवड्यात तेही लॉजिकल व्हॉल्यूमवर घेते. मग कुणी कुठंही बसलं तरी ओळखू येईल."

साहेबांनी मान डोलावली आणि आत गेले. मी तसंच केलं. रूट टाकीत घातलं, बाहेरची पेटी तीनदा तपासली, आणि पुढची कित्येक वर्षं, मशीन बंद करायची वेळ आली की, मला झाकणाची भीती वाटत राहिली. भीती गेली असं मी म्हणणार नाही. तिनं जागा बदलली. छत्तीसच्या आकड्यावरचं कुंकू मी पुसलं नाही, ते हळूहळू आपोआप गेलं.

त्या सकाळी साहेब आत गेल्यावर मामांनी टँकर उतरवला, पुढच्याला हात करून थांबवलं आणि माझ्याजवळ आले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मामांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"दिसलं का पर वडलांस्नी?" त्यांनी विचारलं. त्यांचा इतका हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

मी सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, या एकाची केली नव्हती. "पांढरं दिसलं मामा," मी म्हणाले. "बाकी हातानं बघितलं."

"मग बघितलं की," मामा म्हणाले, आणि पुढच्या टँकरला काट्यावर घ्यायला गेले.